समोरची पट्टी

सकाळी पावणेसात

दूध घेऊन आलो, छत्री ओसरीत उघडीच ठेवली, तोच फोन वाजला. मसाटच्या एका यार्न कारखान्यातल्या ताई. तिथल्या वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर परवापासून माझ्या दुकानात आहे.

"दादा, आज मिळेल ना? काल दिवसभर वजनं हाताने लिहिली. तीन गाड्या उभ्या आहेत, आणि उद्या वीस तारीख."

"दोन वाजेपर्यंत आणतो, ताई."

"आणि समोरचं पण चालू करून आणा हं. मागे हात जात नाही."

ताई शेवटी सहज बोलून गेल्या, पण माझं आजचं खरं काम तेच आहे. त्या केबिनमध्ये टेबलाखाली जाड पत्र्याची कुलूपबंद पेटी वेल्डिंग करून बसवली आहे. जुन्या कॅबिनेटच्या मापाने केलेली, बाजारातलं नवं कॅबिनेट तिच्यात उभं राहत नाही. पेटीची पाठ भिंतीला. पुढे वहीएवढी खिडकी आणि तिच्यातून दिसतं ते एवढंच: चालू करायचं बटन, एक दिवा, दोन यूएसबी आणि हेडफोनचं भोक. साहेब महिन्याला एकदा डिजिटल सहीचं टोकन खिशातून काढतात आणि याच खिडकीतून लावतात. वीस तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख. टोकन लागलं नाही तर विवरणपत्र अडकतं.

काटा अडला की गाडीही अडते, कारण सिल्वासात जवळजवळ प्रत्येक माल परराज्यात जातो. गुजरातचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, आमचा, म्हणजे दादरा-नगर हवेलीचा, मधला २६. वापीचं स्टेशन इथून वीस किलोमीटरच्या आत आहे, पण तिथे सूत पाठवायचं तरी ते दुसऱ्या राज्यात गेलं. माल पन्नास हजारांच्या वरचा असला की ई-वे बिल हवंच, आणि परराज्याच्या मालाला ते १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचं आहे. या सीमेचं मूळ शोधत गेलं तर माणूस थेट पेशवाईत पोहोचतो. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज १७७२ साली पकडलं, पुढे १७७९ चा तह झाला, आणि नुकसानभरपाई म्हणून १७८३ साली नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ ला घेतलं. १९५४ साली हा मुलूख मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. पण नकाशावरची रेघ राहिली. त्या रेघेमुळेच आज मसाटच्या काट्यावर गाड्या खोळंबल्या आहेत, आणि म्हणून मला हा इतिहास कधी जुना वाटत नाही.

नऊ

किलवणी नाक्याजवळच्या गल्लीत माझं दुकान. शटर उघडलं की पावसाळ्यात पहिलं काम पंख्याचं: टेबलावरचा पंखा रात्रभर उघड्या राहिलेल्या बोर्डांवर अर्धा तास सोडायचा. मग मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून बीप ऐकायचा. ज्या दिवशी मीटरची बॅटरी अर्धवट असते त्या दिवशी मीटर खोटं बोलतो, आणि माझं सगळं काम त्याच्या शब्दावर चालतं.

मदतनीस पोरगा साडेनऊला भिजूनच आला. खानवेलच्या बाजूचा वारली मुलगा, आयटीआय करून माझ्याकडे राहिला आहे. मला काका म्हणतो. डब्यात नागलीची भाकरी आणि सुकट, ते तो आधी खिडकीपाशी ठेवतो आणि मग कामाला हात लावतो.

मसाटचं मशीन बाकावर घेतलं. जुना मदरबोर्ड का गेला ते उघडल्यावरच दिसलं होतं. टेक्श्चरायझिंगमध्ये सुताला तेल लावतात, त्या तेलाचा वाफारा हवेत राहतो. त्यात पावसाची दमट हवा आणि रस्त्याची धूळ. तिन्ही मिळून बोर्डवर काळपट चिकट थर बसतो, आणि थराखाली तांबं हिरवं होत जातं. प्रोसेसर आणि रॅम मात्र ठणठणीत. म्हणून त्याच प्रोसेसरला चालणारा एच६१ चिपसेटचा बोर्ड मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी आमच्या धंद्यात त्याला सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. बोर्ड काल बसवला. स्क्रूची भोकं जुळली, एसएमपीएसचा चोवीस पिनांचा प्लग जुळला, मागची पत्र्याची पट्टी कापून घेतली. अडलं ते समोर.

साध्या बाजारी कॅबिनेटच्या समोरून सुट्या वायरी येतात, प्रत्येकीच्या टोकावर नाव असतं. कंपनीच्या तयार मशीनमध्ये तसं नसतं. तिथे बटन, दिवा, यूएसबी, आवाज हे सगळं एका छोट्या पट्टीवर असतं आणि त्या पट्टीच्या वायरी त्याच कंपनीच्या बोर्डला जातील अशा प्लगमध्ये संपतात. या मशीनमध्ये तीन झुबके होते. बटन-दिव्याचा प्लग पाच वायरींचा, त्याच्यासारखं नव्या बोर्डवर काहीच नाही. यूएसबीचा प्लग दोन रांगांत पाच-पाच, म्हणजे दिसायला अगदी ओळखीचा, फक्त त्याचं बुजवलेलं भोक भलत्याच कोपऱ्यात. आवाजाचा तेवढा जुळला.

पोरगा म्हणाला, "काका, ही बुजवलेली जागा सुईने उघडली तर प्लग बसेल."

"बसेल. पण आत काय आहे ते आधी बघू."

बसतो म्हणजे जुळतो, असं मानून मी माणसांना बोर्ड जाळताना पाहिलं आहे. जुन्या काही बोर्डांवर फायरवायर या दुसऱ्या जोडणीचा हेडर, म्हणजे प्लग बसतो तो उभ्या पिनांचा गठ्ठा, यूएसबीच्या हेडरसारखाच असायचा, नऊ पिनांचा, भोकही त्याच जागी बुजवलेलं. यूएसबीला पाच व्होल्ट लागतात, फायरवायरच्या पिनेवर बारा व्होल्टही असतात. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात इशारा असे, पण मॅन्युअल खोक्यात आणि खोकं माळ्यावर.

दहा ते साडेअकरा

भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद आहे. समोरच्या जोडण्या कशा असाव्यात याची मार्गदर्शिका इंटेलने काढली होती, तिच्या फेब्रुवारी २००५ च्या १.३ आवृत्तीतली ही पानं. माझ्या दुकानात देवाच्या फोटोनंतर जपलेली वस्तू हीच. हा कागद कुणीतरी लिहिला, सगळ्यांना मोकळा दिला, आणि त्यामुळे तैवानचा बोर्ड, कुठल्याही गावचं कॅबिनेट आणि सिल्वासाचा मेकॅनिक एकमेकांना न भेटता जुळले.

बटनाचा हेडर त्यात असा: दोन रांगा, दहा जागा, दहावी पिन काढलेली. एक आणि तीन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या. दोन आणि चार चालू असल्याच्या दिव्याच्या. पाच-सात रीसेट. सहा-आठ चालू करायचं बटन. नववी राखीव, तिला हात लावायचा नाही.

पट्टीच्या पाच वायरींकडे आलो. मीटर बीपवर ठेवला, एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला. काळी वाजली, आणि करडीही वाजली. म्हणजे दोन ग्राउंड. मग काळीवर एक टोक ठेवून दुसरं टोक एकेका वायरीवर नेत पोराला बटन दाबायला सांगितलं. पिवळीवर आल्यावर बटन दाबलं की बीप, सोडलं की शांत. पिवळी बटनाची. उरल्या पांढरी आणि नारिंगी. दिव्यासाठी मी मीटर वापरत नाही. साध्या मीटरचा दाब पांढऱ्या एलईडीला पुरत नाही आणि चांगला दिवा मेलेला वाटतो. बोर्डवर घड्याळाचा असतो तो सीआर२०३२ सेल, तीन व्होल्टचा, हातात धरून त्याची उणी बाजू काळीला आणि अधिक बाजू पांढरीला लावली. समोरच्या दिव्यात मंद पांढरा उजेड आला. नारिंगीला लावल्यावर पिवळसर.

मग करडी कशाला? ती काळीला पट्टीवरच जोडलेली आहे. जुन्या बोर्डला तिच्यावरून कळायचं की समोरचा प्लग लावलेला आहे. न लागल्यास तो सुरू होताना थांबून तक्रार करायचा. नव्या बोर्डला ती वायर लागत नाही. टेप लावून बाजूला बांधली.

इथवर सोपं आहे, आणि इथेच बरेच जण घसरतात. शिकवताना सांगतात की बटनाच्या दोन वायरींना उलटसुलट नसतं, कशाही लावा. सुट्या बटनाला ते खरं. पण या पट्टीवर बटनाचं एक टोक कायमचं पत्र्याला बांधलेलं आहे. बोर्डच्या सहा-आठ या दोन पिनांपैकी एक जिवंत असते आणि दुसरी ग्राउंड. बटनाची ग्राउंड बाजू जर जिवंत पिनेवर गेली, तर बोर्डला वाटतं कुणी बटन दाबूनच धरलं आहे. मशीन सुरू होतं आणि चार सेकंदांनी बंद पडतं. मग माणूस एसएमपीएस बदलतो, रॅम बदलतो, शेवटी बोर्ड परत पाठवतो. असा परत आलेला चांगला बोर्ड मी स्वतः विकत घेतलेला आहे.

म्हणून मोजून घ्यायचं. एसएमपीएसला वीज, मशीन बंद, मीटरचं काळं टोक पत्र्याला. सहावर ३.३ व्होल्टच्या आसपास, आठवर शून्य. पिवळी सहावर, काळी आठवर. पांढरी दोनवर, चार रिकामी, कारण दिव्याची परतीची वाट काळीतूनच आहे. नारिंगीचं काय करायचं यावर पोराने विचारलं, "हार्ड डिस्कला लावू?" प्रश्न चांगला होता. पण हार्ड डिस्कच्या जोडीत बोर्ड एक नंबरवर सतत वीज ठेवतो आणि काम चालू असताना तीन नंबर खाली खेचतो. आपला दिवा तर कायमचा ग्राउंडला. तो अखंड पेटून राहील, काही सांगणार नाही. नारिंगी सोडून दिली. खोटं सांगणाऱ्या दिव्यापेक्षा विझलेला दिवा बरा.

जुना प्लग कापला नाही. प्लॅस्टिकच्या पाकळीखाली सुई घालून ती किंचित उचलली की आतली पितळी टोपी सुटून येते, आणि नव्या एकेरी प्लगमध्ये ढकलली की टक असा आवाज करून बसते. वायर कापून जोड दिलात तर पुढच्या माणसाला मागे फिरता येत नाही. टोपी हलवली असेल तर सगळं पूर्ववत करता येतं.

साडेअकरा ते एक

यूएसबीला मी घाई करत नाही, आणि त्याला कारण आहे.

दुकान काढल्याच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका पट्टीचं काम आलं होतं. रंग नेहमीचे होते: लाल, पांढरा, हिरवा, काळा. यूएसबीत लाल म्हणजे पाच व्होल्ट, पांढरा आणि हिरवा म्हणजे माहितीच्या दोन वायरी, काळा म्हणजे ग्राउंड. मी रंगावर विसंबून लावलं. त्या केबलमध्ये लाल आणि काळ्याची अदलाबदल होती. एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींचा पेनड्राइव्ह मी पहिलाच त्यात लावला. दोन सेकंदांत वास आला. त्यात मुलांची निकालपत्रकं होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. दोन रात्री गुरुजींबरोबर बसून हजेरीपटावरून सगळे गुण पुन्हा टाइप केले. ते मला एक वाईट शब्द बोलले नाहीत आणि आजही माझ्याकडेच येतात. त्या दिवसापासून मी वायरीचा रंग पाहतो, पण मानत नाही.

आता माझी पद्धत अशी. एका मेलेल्या माउसची केबल कापून ठेवली आहे. तिच्या चार उघड्या टोकांना एक ते चार असे कागदी बिल्ले, तेही प्लगवर मीटर लावून खात्री करून दिलेले. ही केबल समोरच्या यूएसबीत खुपसायची. म्हणजे आतल्या बारीक पट्ट्यांना टोचत बसायला नको. चार टोकं हातात येतात. मग पट्टीच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगमध्ये सुई घालून एकेक वाजवायचं. पोरगा सुई फिरवतो, मी वहीत लिहितो.

वरच्या यूएसबीची रांग नेहमीसारखी निघाली: पाच व्होल्ट, मग माहितीची उणे, मग माहितीची अधिक, मग ग्राउंड. खालच्या यूएसबीची रांग बरोबर उलटी. पोराने बुजवलेलं भोक उघडून प्लग रेटला असता तर वरचं यूएसबी नीट चाललं असतं. आम्ही खूश झालो असतो. आणि उद्या साहेबांनी टोकन खालच्यात लावलं असतं.

पोराने वहीकडे पाहिलं, काही बोलला नाही. जेवताना म्हणाला, "काका, ते भोक मी उघडलं असतं." मी म्हटलं, "मीपण उघडलं होतं, एकदा."

नव्या दुहेरी प्लगमध्ये टोप्या हलवल्या. बोर्डच्या हेडरवर एका रांगेत १, ३, ५, ७ आणि दुसरीत २, ४, ६, ८. दोन्ही रांगांत क्रम एकच. नववी पिन नाही, दहावी रिकामी. इथे एक काळजी घ्यायची. माहितीच्या दोन वायरींना एकमेकींभोवती पीळ असतो. हा पीळ बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी असतो, देखणेपणासाठी नाही. काम करताना सोयीसाठी तो लांबवर सोडला की माउस चालतो, पण पेनड्राइव्ह मधेच गायब होतो, आणि कारण कुणाला सापडत नाही. शेवटच्या बोटभर जागेपर्यंत पीळ ठेवला.

प्लग लावण्याआधी पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप नाही ना ते पाहिलं. नाही. लावला. मशीन सुरू. माझ्या कापलेल्या केबलच्या एक आणि चार टोकांवर मीटर: ५.०६. खालच्या यूएसबीतही ५.०६, चिन्ह बरोबर. मग जुना माउस. मग माझा बिनकामाचा पेनड्राइव्ह, त्यावर मोठी फाइल चढवून उतरवून. गिऱ्हाइकाची वस्तू सगळ्यात शेवटी, हा माझ्या दुकानाचा नियम आहे आणि तो पोराकडून मी दर वेळी म्हणवून घेतो.

आवाजाचा प्लग लावला, वाजला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कॅबिनेटचं झाकण लावण्याआधी पोराने वहीतली आकृती स्वच्छ कागदावर काढली: पाच वायरी, आठ वायरी, कोणती कुठे, कोणती सोडली आणि का. खाली तारीख. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

दोन

स्कूटरवर पुढे मशीन, मागे पोरगा, त्याच्या हातात ताडपत्री. मसाटच्या वळणावर कंटेनर उभे होते. काट्यापाशी ड्रायव्हर केबिनच्या वळचणीला बसून होते. एक जण जालन्याचा निघाला. मराठी ऐकून त्याला बरं वाटलं. "कालपासून इथंच आहे भाऊ," म्हणाला.

मशीन पेटीत सरकवलं. खिडकीतून पांढरा दिवा दिसला. ताईंनी आपला पेनड्राइव्ह लावला आणि मान हलवली. पण काट्याचं वजन पडद्यावर येईना.

काट्याच्या इंडिकेटरमधून वजन येतं ते जुन्या सीरियल केबलने. नव्या बोर्डच्या मागे ते नऊ पिनांचं सॉकेट नाही, बोर्डवर फक्त त्याचा हेडर आहे. हेडरला जोडायचा सॉकेटवाला ब्रॅकेट कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता, तो ताईंनी आत्ताच आणून दिला होता आणि आम्ही लावला होता. पुन्हा तीच गोष्ट: आकार एक, आतली मांडणी दोन प्रकारची. काही बोर्डांचा हेडर सॉकेटच्याच क्रमांकांनी जातो, म्हणजे ग्राउंड पाचव्या पिनेवर. काहींचा चपट्या केबलच्या क्रमाने जातो: एक, सहा, दोन, सात असा एकाआड एक, तिथे ग्राउंड नवव्या पिनेवर येतो. ओळखायला एक बीप पुरतो. बोर्डच्या हेडरवर नववी पत्र्याशी वाजली. ब्रॅकेटच्या प्लगमध्ये सॉकेटचं ग्राउंड पाचव्या भोकात होतं. जुळत नाही.

इंडिकेटरला तीनच वायरी लागतात: घेण्याची दोन नंबर, देण्याची तीन नंबर आणि ग्राउंडची पाच नंबर. तेवढ्या तीन टोप्या हलवल्या. ताईंनी वरून टॉर्च धरला, पोराने सुई. प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० ठेवला, जो इंडिकेटरच्या पाटीवर लिहिलेला होता. पडद्यावर शून्य आलं. जालन्याची गाडी काट्यावर चढली आणि आकडा धावत जाऊन १६,२४० वर थांबला.

ड्रायव्हरने चहा मागवला. तीन वाजले होते.

साडेचार

परत आलो तर दुकानात पॉलिटेक्निकचा मुलगा बसलेला. नवं चकचकीत कॅबिनेट घेतलं, समोर निळं यूएसबी ३ आणि शिवाय टाइप-सी. घरचा बोर्ड जुना, त्यावर दोन्हींचे हेडर नाहीत.

त्याला खरं ते सांगितलं. निळ्या यूएसबीचा प्लग एकोणीस पिनांचा, पिना जवळजवळ, दोन मिलिमीटरवर. जुना हेडर नऊ पिनांचा, २.५४ मिलिमीटरवर. जोडणारा अडॅप्टर मिळतो, स्वस्त आहे, आणि माउस-पेनड्राइव्ह त्यावर उत्तम चालतील. पण वेग जुन्या यूएसबीचाच, सेकंदाला ४८० मेगाबिट. पाच गिगाबिट हवे असतील तर पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणारं कार्ड घे, त्यावर एकोणीस पिनांचा हेडर असतो, वीज मात्र बहुतेक कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी द्यावी लागते. टाइप-सी आत्ता राहू दे. बोर्ड बदलशील तेव्हा बघू. आणि एकोणीस पिनांचा प्लग काढताना हलवून ओढू नकोस, हेडर मुळापासून उचकटून येतो.

"दादा, दुकानदार म्हणाला होता सगळं चालेल."

"चालेल. पण किती वेगाने, ते विचारायचं असतं."

तो कार्ड घेणार म्हणाला. पैसे जमले की.

सहा

पावसाने उघडीप दिली आणि गल्लीत गर्दी झाली. प्रिंटरचा रोलर, एका आजोबांचा कीबोर्ड, एका क्लासचा जुना कॉम्प्युटर. शेवटच्यात समोरच्या भोकातून हेडफोनला आवाज नव्हता. कॅबिनेट जुन्या एसी-९७ काळातलं, बोर्ड एचडी ऑडिओचा. प्लग बसतो, पण जुन्या पट्टीला हेडफोन लागल्याची खबर बोर्डला देता येत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये समोरची ओळख तपासणं बंद केलं की काम होतं. पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत. क्लास पाड्यावरच्या मुलांचा आहे.

रात्री नऊ

दुकान बंद करताना वहीत आजची पानं भरली. या वहीत तयार मशीनच्या पट्ट्यांच्या आकृत्या आहेत, प्रत्येक मीटरने वाजवून काढलेली. कुठल्याच डब्यावर, कुठल्याच पुस्तिकेत त्या मला छापलेल्या मिळाल्या नाहीत. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल आहे. त्यावर प्रत्येक कंपनीने आपल्या समोरच्या पट्टीची आकृती टाकावी, एवढीच माझी मागणी आहे. एक पान लागतं. त्या एका पानावाचून चांगली पोलादी कॅबिनेटं भंगारात जाताना मी दर महिन्याला बघतो, आणि जे लोक ती टाकतात त्यांचा दोष नसतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की अडचण तेरा वायरींची आहे.

ताईंचा फोन आला. साहेब संध्याकाळीच आले होते. टोकन लावलं, विवरणपत्र एक दिवस आधीच भरलं. तिन्ही गाड्या गेल्या.

"कुठल्या यूएसबीत लावलं, ताई?"

"खालच्या. का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

वाचणाऱ्यांना एक विनंती. घरच्या कॉम्प्युटरच्या बोर्डबरोबर आलेली पुस्तिका माळ्यावर टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. मशीन विकलं, दान दिलं तरी ती त्याच्याबरोबर जाऊ द्या.